जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेताय? आधी तेलाचा हिशोब मागा

गेल्या काही महिन्यांत इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. राजकारणाचा नाही, कापसाच्या भावाचाही नाही. "भाऊ, जुनी टर्बो पेट्रोल मिळतेय, घेऊ का? इंजिन टिकतं का?"

मी मेकॅनिक नाही, बातमीदार आहे. जळगाव-धुळे पट्ट्यात फिरताना गॅरेजवाले, गाड्यांचे एजंट, आरटीओबाहेर टेबल टाकून बसणारे यांच्याशी रोजचं बोलणं असतं. त्यातून आणि वाचनातून जे कळलं ते एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात चार-सहा लाखांचा व्यवहार ठरतोय त्यांनी पूर्ण वाचा.

आधी हे इंजिन आपल्या दारात आलं कसं ते बघू. आपल्याकडे गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला, छोट्या गाड्यांचा १८ टक्क्यांवर आला, तरी १२०० सीसीची ही रेघ तशीच राहिली. लोकांना मात्र उंच, दणकट दिसणारी गाडी पाहिजे. मग कंपन्यांनी इंजिन लहानच ठेवलं आणि त्याला टर्बो जोडला. २०१७ ला नेक्सॉन आली, २०१९ ला एक्सयूव्ही ३०० आणि व्हेन्यू, २०२० च्या शेवटी मॅग्नाइट. त्यातच १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. डिझेलच्या ओढीची सवय लागलेले बरेच गिऱ्हाईक टर्बो पेट्रोलकडे वळले. त्याच गाड्या आता पाच-सात वर्षांच्या होऊन पुणे, नाशिक, सुरतहून आपल्याकडे विकायला येताहेत.

टर्बोचं काम सोपं आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. व्हेन्यूच्या १ लिटर इंजिनातून १२० पीएस निघतात ते असे. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. पेट्रोल इंजिनाचा धूर जोरात चालवताना ९०० अंशांच्या आसपास जातो, डिझेलचा त्याहून कमी असतो. म्हणजे वंगणही तेलानेच करायचं आणि उष्णता वाहून न्यायलाही तेलानेच मदत करायची. तेल जळकं, पातळ किंवा कमी असेल तर पहिला मार टर्बोवर बसतो.

टर्बो आपल्याला नवा नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, डिझेल स्विफ्ट, सगळ्यांना टर्बोच होता. सुरत-नागपूर हायवेवरचा जुना ट्रक ड्रायव्हर ढाब्यावर गाडी लावली की लगेच चावी काढत नाही. मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवतो. त्याला हे कोणी कोर्समध्ये शिकवलेलं नसतं. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद होतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथेच करपतं, हे त्याला हिशोबाने माहीत असतं.

आता आपलं बघा. मे महिना, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात, एसी फुल, गाडीत पाच जण. चाळीसगावहून कन्नड घाट एका दमात चढायचा आणि वर चहाच्या टपरीवर गाडी थांबवून त्याच सेकंदाला चावी फिरवायची. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचं थंडावण असतं, काहींत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप चालू राहतो, म्हणून एकदोनदा काही होत नाही. पण हेच पाच वर्षं केलं असेल आणि वर तेलही वेळेवर बदललं नसेल, तर त्याचं बिल दुसऱ्या मालकाच्या नावाने फाटतं.

माझ्या मावसभावाच्या नावाने ते फाटलं. पाचोऱ्याकडे एका खासगी शाळेत तो शिक्षक आहे. पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेतली. गाडी दिसायला नवीकोरी, चालली फक्त २२ हजार किलोमीटर. चौथ्या महिन्यात सकाळी निळा धूर निघायला लागला, मग शिट्टीसारखा आवाज, मग ओढ गेली. गॅरेजवाल्याने तेलाचं झाकण उघडून आतला काळा चिखल दाखवला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी चांगली शे, पन तेल कोनी बदलंच नही." टर्बोचा खर्च त्याच्या दहा हप्त्यांएवढा झाला. विकणाऱ्याने हात वर केले. कागदावर सही "जशी आहे तशी" यालाच होती. पतसंस्थांच्या बुडालेल्या ठेवींनी पोळलेल्या या जिल्ह्यात, त्याच पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली गाडी दारात बंद उभी राहते, तेव्हा घरात काय बोलणं होतं ते सांगायला नको.

या गोष्टीतला फसवा आकडा "२२ हजार किलोमीटर" हा आहे. आपल्या बाजारात कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी. त्यात "डॉक्टरसाहेबांची आहे" जोडलं की भाव आणखी वर. पण तेल किलोमीटरने जुनं होतं तसं महिन्यांनीही होतं. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात १० ते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. धूळ, उष्णता, गर्दीतली थोडी थोडी धाव असेल तर त्याच्याही आधी. रोज घर ते दवाखाना दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. म्हणून वर्षाला एक याप्रमाणे सर्व्हिसची पाच बिलं असलेली, ७० हजार चाललेली गाडी ही बिलं नसलेल्या २० हजारच्या गाडीपेक्षा मी तरी बरी समजेन.

मग बघायचं काय?

एक. गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड आहे का ते बॉनेटला हात लावून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर तेल जळतंय.

दोन. तेलाचं झाकण काढून आत चिखल आहे का बघा. पट्टी काढून पातळी बघा आणि तेलाला पेट्रोलचा वास येतो का तेही.

तीन. रिकाम्या सपाट रस्त्यावर चालवून उपयोग नाही. धुळ्याचे असाल तर लळिंग घाटात न्या, जळगावचे असाल तर फर्दापूरच्या पुढे अजिंठा घाटात. तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू दाबा. ओढ एकसारखी यायला पाहिजे. झटके, वाढत जाणारी शिट्टी किंवा डॅशबोर्डवर दिवा लागला तर परत फिरा.

चार. स्वतःचा मेकॅनिक न्या. त्याला हवेचा पाइप काढून टर्बोचा दांडा हलवून बघू द्या आणि स्कॅनर लावू द्या. विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

पाच. इंजेक्शन कोणतं आहे ते विचारा. व्हेन्यूच्या टर्बोत आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि कालांतराने त्यांवर काजळी बसू शकते. नेक्सॉन, मॅग्नाइटच्या टर्बोत पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी पडतं, तिथे हा त्रास कमी. थेट इंजेक्शन वाईट नाही, पण जुन्या गाडीत सफाईचा खर्च धरून भाव करा.

ई-२० बद्दलही विचारतात. इथेनॉलमुळे टर्बो उडतो, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने इंजिनाची ठोक कमी होते. मात्र ई-२० ला चालणारे रबर, पाइप असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आल्या. त्याआधीची गाडी घेत असाल तर इंधनाचे पाइप तपासून घ्या आणि अॅव्हरेज थोडं कमी धरा.

आता माझा मुख्य मुद्दा. हा सगळा शोध गिऱ्हाइकानेच का घ्यायचा?

अमेरिकेचं उदाहरण बघा. फोर्डच्या इकोस्पोर्टमध्ये १ लिटरचं टर्बो पेट्रोल होतं. तिथे विकलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईत तयार होऊन गेल्या होत्या. त्या इंजिनात तेलाच्या पंपाच्या पट्ट्याचा दोष निघाला. पट्टा झिजला की तेलाचा दाब जातो आणि इंजिन बंद पडू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे सुमारे १ लाख ४० हजार इकोस्पोर्ट आणि फोकस गाड्यांचा रिकॉल झाला. तिथला तिसऱ्या हातचा मालकही चेसिस नंबर टाकून आपल्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते सरकारी वेबसाइटवर बघू शकतो.

आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली, नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण ते ७ वर्षांच्या आतल्या वाहनांना. आपल्या गल्लीत विकायला येणाऱ्या पहिल्या टर्बो गाड्या ही मुदत ओलांडून गेल्या आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही सक्तीची झाली. पुढच्या वेळी डीलरकडे गेलात की हे अधिकारपत्र दाखवा म्हणा. न लाजता म्हणा.

आणि एक मागणी. वाहन पोर्टलवर गाडीचा मालक, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. सर्व्हिसची नोंद दिसत नाही. सातबाऱ्यावर बोजा बघितल्याशिवाय आपण वावर घेत नाही, मग सहा लाखांची गाडी पुसलेल्या बॉनेटवर का घ्यायची? प्रत्येक सर्व्हिसची तारीख, किलोमीटर आणि तेल बदलल्याची नोंद गाडीच्या नंबरला जोडली गेली पाहिजे. कंपन्यांकडे ही माहिती आहेच. मालक बदलला की ती नव्या मालकाला मिळाली पाहिजे. आपल्या खासदार-आमदारांना हे विचारायला काय हरकत आहे?

तोवर उत्तर इतकंच. रोज गावातल्या गावात फिरायचं असेल तर साधं पेट्रोल पुरेसं आहे. घाट, हायवे, भरलेली गाडी असा वापर असेल तर टर्बो खुशाल घ्या, फक्त दरवर्षीचं तेलाचं बिल बघून. बिलं नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, हात जोडा आणि निघा. दुसरी मिळते.

तुमचा अनुभव, चांगला-वाईट दोन्ही, कमेंटमध्ये लिहा. ज्यांच्या घरी गाडी घ्यायचं चाललंय त्यांना हे पाठवा.