सेव्ह झालं, पण पोचलं का?

शनिवारी सकाळी साडेनऊला पोह्यांवर लिंबू पिळत होतो, तेवढ्यात फोन. "सर, ॲपला डेटाबेस सापडत नाहीये." आमच्या टीममधली नवी मुलगी. पोहे तसेच ठेवून लॅपटॉप उघडला.

तर झालं होतं असं. आमची चाळीसेक व्हर्च्युअल मशीन्स अ‍ॅझ्युरमध्ये एकाच व्हर्च्युअल नेटवर्कवर आहेत. नावावरून आयपी सांगणारे आमचे दोन डीएनएस सर्व्हर जुने झाले होते, म्हणून दोन नवे उभे केले. शुक्रवारी संध्याकाळी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जुने आयपी काढले, नवे टाकले, सेव्ह. दोन मिनिटांचं काम! खात्री म्हणून एक नवं मशीन बनवून त्यावरून चार नावं विचारून पाहिली. सगळी उत्तरं बरोबर. तेव्हा हीच मुलगी म्हणाली होती, "सर, बाकीची मशीन्स रीस्टार्ट करायला नकोत का?" मी म्हटलं, "अगं, क्लाउड आहे हे. आपोआप जातं." आणि शनिवारी उठल्या उठल्या जुने दोन्ही सर्व्हर बंद करून टाकले.

मंडळी, आपोआप काही जात नाही. ही सेटिंग मशीनपर्यंत पोचते ती डीएचसीपीमार्फत. मशीन सुरू होताना किंवा लीज रिन्यू करताना विचारतं, तेव्हाच त्याला नवं उत्तर मिळतं. सोसायटीच्या बोर्डावर नव्या प्लंबरचा नंबर लावला, तरी लोक मोबाइलमधला जुनाच नंबर लावत राहतात ना, तसं. माझं चाचणीचं मशीन म्हणजे कालच राहायला आलेला भाडेकरू. त्याने बोर्ड वाचला होता, आणि मी त्याच्यावरून अख्ख्या सोसायटीला पास करून टाकलं!

बरं, सगळं एकदम पडलं असतं तर लगेच कळलं असतं. पण आधी विचारलेल्या नावांची उत्तरं काही काळ कॅशमध्ये राहतात. ती मुदत संपेल तसतशी एकेक सेवा बंद पडत गेली. आयपीने पिंग चालू, नावाने बंद. 'आयपीकॉन्फिग /ऑल' केलं तर समोर जुनेच दोन पत्ते.

आधी जुने सर्व्हर परत चालू केले. पाच-दहा मिनिटांत सगळं सुरळीत. मग दोघांनी मिळून मशीन्स पाच-पाचच्या गटाने रीस्टार्ट केली. तरी दोन मशीन्स ऐकेनात. तिनेच शोधून काढलं, की त्यांच्या नेटवर्क इंटरफेसवर कोणीतरी वेगळे डीएनएस पत्ते टाकून ठेवले होते. ते असले की नेटवर्कची सेटिंग तिथे लागूच होत नाही. दुपारी दोन वाजता जेवलो.

खरी अडचण सोमवारी आली. रिपोर्ट लिहायचा होता. मी लिहिलं, 'रीस्टार्टची पायरी राहून गेली.' किती सोयीचं वाक्य आहे बघा. राहून गेली! जणू ती पायरी स्वतःच कुठेतरी मागे रेंगाळली. ती शेजारीच बसून वाचत होती, काही बोलली नाही. मी वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'रीस्टार्टबद्दल शुक्रवारी टीममधून विचारणा झाली होती. मी ती उडवून लावली.' तिचं नावही घातलं. साहेबांनी एक भुवई वर केली, एवढंच.

आता आमचा नियम असा: आधी इंटरफेसच्या सेटिंग तपासायच्या, मग नेटवर्कवर बदल, मग जुन्या मशीन्स रीस्टार्ट. प्रत्येकावर आत जाऊन पत्ता बघायचा. जुन्या सर्व्हरकडे एकही प्रश्न येत नाही, हे त्याच्या लॉगमध्ये आठवडाभर दिसल्यावरच तो बंद. आणि कोणी "नकोत का?" असं विचारलं, तर कीबोर्डवरून हात काढून पूर्ण ऐकायचं.

असो. पोहे मात्र पार गार झाले होते.