हळद आहे? काच आहे? मग चला गच्चीवर!

ऐका! घरात हळद आहे? असणारच! एखादी जुनी फोटोफ्रेम, जिची काच अजून शाबूत आहे? जाड पांढरा कागद? आणि बाहेर ऊन? अहो, सोलापुरात बसून मी ऊन आहे का म्हणून काय विचारतेय! म्हणजे झालं की! फोटो काढायला लागणारं सगळं सामान आपल्या घरात आहे आणि त्यात कॅमेरा नाही!

आधीच सांगते, मला यातलं शास्त्र येत नाही आणि मी चित्रकारही नाही. एलिमेंट्री-इंटरमीजिएटच्या परीक्षा वर्गातल्या इतरांनी दिल्या, मी नाही. त्यामुळे जाणकारांनी पुढचं पान उलटावं. बाकीच्यांनी मात्र बाह्या वर करा, कारण मला आता गप्प बसवत नाही!

तर हळद घ्यायची, चांगली दोन-तीन चमचे. कोरोनात आणून ठेवलेली, पाण्यासारख्या पातळ सॅनिटायझरची बाटली कुठेतरी कपाटात असते बघा, ती काढायची (गॅसपासून लांब हं, ते पेट घेतं!). त्यात हळद कालवून थोडा वेळ ठेवायची आणि जुन्या सुती कपड्यातून गाळायची. खाली काय उतरतं माहितीये? सोनं! पातळ, चकचकीत, पिवळंधम्मक पाणी! ते पडदे ओढलेल्या खोलीत कागदावर फासायचं आणि अंधारातच वाळू द्यायचं. आणि मग त्या कागदावर एक पान ठेवायचं, पानावर काच दाबायची, आणि मग ते सगळं उचलून गच्चीवर न्यायचं, आणि मग आपण खाली येऊन भाकरी करायची, भांडी घासायची, मधूनच वर जाऊन डोकवायचं, आणि मग पुन्हा खाली यायचं, आणि मग राहवत नाही म्हणून पुन्हा वर! उघडा भाग फिका पडत चाललेला असतो! आपल्या डोळ्यांदेखत! सूर्य पिवळा रंग पुसत असतो!

मी वहीत जपून ठेवलेलं जाळीचं पिंपळपान ठेवलं होतं. संध्याकाळी काच उचलली. पान उचललं. खाली पान! पिवळं! मधली जाड शीर, तिच्या आजूबाजूला निघालेल्या बारीक शिरा, त्या शिरांना जोडणाऱ्या त्याहून बारीक शिरा, आणि ते लांब निमुळतं टोक, सगळं जसंच्या तसं फिक्या कागदावर उमटलेलं! कॅमेरा नाही, शाई नाही, ब्रश लागला तो फक्त हळद फासायला!

थांबा, संपलं नाही! पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ कापसाच्या बोळ्यानं त्या चित्रावर हलकेच टेकवायची. लाल! पिवळं पान लालभडक होतं! मी ओरडलेच. शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं भाजलं की काय.

काकूंनी चित्र पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि उन्हात टाकला की जातो, हे आम्हाला ठाऊक नाही होय?" खरंच की! पिढ्यान्‌पिढ्या बायकांना हे ठाऊक आहे! साबण काय, चुना काय, दोन्ही अल्कधर्मी, त्यांनी हळदीतलं कर्क्युमिन लाल होतं. पूर्वी हळदीचं कुंकू करायचे ते याच गुणावर. आणि उन्हानं तेच कर्क्युमिन तुटत जातं, म्हणून डाग जातो. आणि हाच उद्योग 1842 साली इंग्लंडात जॉन हर्शेल करत होता! युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा, स्वतः मोठा खगोलशास्त्रज्ञ, आणि तो बसला होता फुलांचे रस काढून कागदाला फासत! या प्रकाराला अँथोटाइप म्हणतात. घरांच्या नकाशांचा तो जुना निळा कागद, ब्लू प्रिंट, तोही ज्या पद्धतीनं व्हायचा ती पद्धत त्याच माणसाची, त्याच वर्षीची! पण बिचाऱ्याला तिकडचं ऊन. काही फुलांच्या रसाला आठवडे लागायचे म्हणे! सर जॉन, तुम्ही मे महिन्यात सोलापूरला यायला हवं होतं! इथं पारा 43-44 वर जातो, अख्खं गाव दुपारी दारं लावून बसतं, आणि गच्चीवर फुकटची प्रयोगशाळा धगधगत असते! आयुष्यभर या उन्हाच्या नावानं बोटं मोडली. आता सकाळी आभाळ भरून आलं की माझा जीव खाली-वर होतो!

एकच आहे. हे चित्र भिंतीवर लावायचं नाही. ज्या उन्हानं काढलं तेच ऊन ते पुसतं. पुस्तकात ठेवायचं, कोणी आलं की काढून दाखवायचं आणि पुन्हा मिटायचं. मला तर हे फारच आवडलंय.

तर आता आमच्या गल्लीत खेळ सुरू झालाय आणि त्याचा नियम एकच: विकत काही आणायचं नाही! घरात असेल ते, झाडाखाली पडलं असेल ते. बस! पोरं आहेत, काकू आहेत, निवृत्त झालेले एक काका आहेत. असा खेळ जगभर एकदा झालाही होता. 2020 च्या मार्चमध्ये सगळे घरात कोंडलेले असताना अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयानं लोकांना सांगितलं की एखादं गाजलेलं चित्र निवडा आणि घरातल्या वस्तू घेऊन ते स्वतः सजून उभं करा. त्याआधी नेदरलँड्समध्ये कोणीतरी हेच सुरू केलं होतं, तिथून ही ठिणगी आलेली. लोकांनी काय काय केलं! चादरींचे झगे! पुठ्ठ्याचे मुकुट!

मग आम्ही का मागं राहावं? फर्मेर नावाच्या डच चित्रकाराचं ते मोत्याच्या डुलाची मुलगी चित्र आहे ना, साधारण 1665 चं, डोक्याला निळं गुंडाळलेलं आणि मागं पिवळं सोडलेलं? अहो, टॉवेल! सोलापुरी टॉवेल! आमच्या गावात टॉवेलला काय तोटा? आमच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, चादरीलाही आहे! एक निळा टॉवेल कपाळाला घट्ट आवळला, पिवळा मागं सोडला, काकूंची नववीतली नात खिडकीशी बसवली, मान डाव्या खांद्यावरून वळवायला लावली, आणि मोती? मोती कुठून आणणार? काकू आत गेल्या आणि लसणाची एक सोललेली पाकळी घेऊन आल्या! दोऱ्यात ओवून कानाला अडकवली. खिडकीतला उजेड त्या पाकळीवर पडला आणि पाकळी चमकली! खरंच चमकली! "भारी की ओ!" काका एवढंच म्हणाले, आणि ते सहसा कशालाच भारी म्हणत नाहीत.

पुढचं आव्हान काकांनीच दिलं. बैल करा! बेंदराच्या सणाला मातीचे मिळतात तसले नाहीत, घरातल्या सामानाचे. आणि साधा बैल चालणार नाही, खिल्लारच हवा! हा तर आपला, सोलापूर-सांगली-माणदेशाचा बैल, पांढराशुभ्र, आणि ती लांब, मागं जाऊन वर वळलेली टोकदार शिंगं! ती शिंगं जमली तर बैल जमला.

आता गंमत बघा. गावाकडून कडब्याची चार धाटं आली होती, जोंधळ्याची. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं त्यांचे हात आपोआप चालू लागतात! काका खाली मांडी घालून बसले, धाटाची कडक साल दातांनी सोलली (दातांनीच सोलायची असते म्हणे!), आतला पांढरा भेंड मोकळा केला. भेंड इतका हलका, इतका मऊ की नख रुततं, आणि सालीची काडी इतकी ताठ की भेंडात टोचली की घट्ट बसते! डिंक नको, खिळा नको, दोरा नको! एकाच धाटात लाकूडही आणि खिळेही! भेंडाचं अंग, सालीचे पाय, भेंडाचंच वशिंड, आणि मग शिंगं, आणि मग सगळे अडले. साल वाकवली की मोडते. तेवढ्यात एक पोरगं स्वयंपाकघरातून वाळलेल्या लाल मिरच्यांची मूठ घेऊन आलं, त्यातल्या दोन अशा काही मागं वळलेल्या निघाल्या की बास! खिल्लार! लाल शिंगांचा! बेंदराला शिंगं रंगवतातच की!

त्या रात्री मला कळलं की 1942 साली पिकासोनंही बैल केला होता. भंगारात सापडलेलं सायकलचं सीट आणि सायकलचंच हँडल. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं! दोनच वस्तू! पुढं त्याचा ब्राँझमध्ये साचा काढला आणि तो जगभर गाजला. मी मिरच्यांकडे बघत बसले. मिरच्या काही कमी नव्हत्या!

आणि सायकल अजून संपली नाही! सायकलच्या व्हॉल्व्हची ती बारीक रबरी नळी असते ना? आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत पूर्वी मुलांचं विज्ञान केंद्र चालवलेले अरविंद गुप्ता, 2018 चे पद्मश्री, त्यांनी ती नळी तुकडे करून आगपेटीच्या काड्यांचे सांधे जोडायला वापरली. तीन काड्यांचा त्रिकोण करा, ढिम्म हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, लगेच कलतो! हातात धरून बघा एकदा. घरांच्या छपराला त्रिकोण का असतात ते बोटांना कळतं! आमच्या काकांनी ताबडतोब धाटाच्या सालीचे त्रिकोण जोडून बैलगाडीची साटी केली.

काळा रंग राहिलाच! बैलाला डोळे नकोत? डाळिंब खाल्लंत की सालं टाकू नका. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आपल्या सोलापूरच्या केगावला आहे, तेव्हा सालांची आपल्याला चणचण नाही. ती सालं लोखंडी कढईत पाणी घालून उकळायची. पाणी आधी पिवळट, मग करडं, मग काळपट होत जातं! सालातलं टॅनिन आणि कढईतलं लोह, दोघांची गाठ पडली की काळा. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो आणि मेंदी भिजवली की गडद होते, तेच हे. कलमकारीवाले कारागीर तर गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग करतात. ब्रश? कडुलिंबाची काडी, टोक चावून! वारली चित्रं काढणारे बांबूची काडी असंच टोक चेचून वापरतात आणि त्यांचा पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ. कडू लागते काडी, पण ओळ काय बारीक येते!

हे सगळं मी उत्साहानं आमच्याकडे टाके घालायला येणाऱ्या मावशींना दाखवलं. त्या शहराच्या पूर्व भागात राहतात, पद्मशाली विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू. त्यांनी शांतपणे बैल पाहिला, पिंपळपान पाहिलं आणि म्हणाल्या, "आमची बतुकम्मा बघितली नाही का तुम्ही?"

नव्हती बघितली! याच गावात राहून! मावशींनी सांगितलं आणि मी ऐकतच राहिले. भाद्रपदाच्या अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बायका ताटात फुलांचे गोल थर रचतात, एकावर एक, वर निमुळते होत जाणारे, आणि वर हळदीची गौरी. फुलं कोणती? तरवड आणि कुरडू! रस्त्याकडेचा तरवड, ज्याच्याकडे मी आयुष्यात वळून पाहिलं नाही! शेतातलं तण म्हणून उपटून टाकतात तो कुरडू! कुरडूच्या रुपेरी तुऱ्यांची टोकं रंगात बुडवायची, देठ सारखे कापायचे, जुड्या बांधायच्या, एक थर पिवळा, एक रंगीत, मध्ये झेंडू. मग भोवती फेर धरायचा, टाळ्या वाजवायच्या आणि शेवटी सगळं पाण्यात सोडून द्यायचं. एवढी मेहनत आणि सोडून द्यायचं! तेलंगणानं 2014 मध्ये याला राज्याचा सण केला, पण मावशींच्या घरात तो कितीतरी आधीपासून, मागांबरोबर आलेला.

आम्ही गल्लीत जो नियम मोठ्या ऐटीत केला, तो या बायका दर वर्षी नऊ दिवस पाळतात! माझं ठरलंय. या नवरात्रात मी मावशींच्या ओसरीवर बसणार, सगळ्यात खालचा थर किती रुंद घ्यायचा ते विचारणार, देठ विळीनं कापायचे की कात्रीनं तेही विचारणार. त्या म्हणाल्या, पहाटे तरवड काढायला जायचं, उशीर केला तर दुसऱ्या बायका नेतात. येणार तुम्ही? पिशवी घ्या, पाण्याची बाटली घ्या आणि एक मोठं पितळी ताट आणा. नसेल तर शेजारी मागा. विकत नाही आणायचं!