राजूर : साल बघा, झाड ओळखा

पुण्याहून संगमनेर-अकोलेमार्गे भंडारदऱ्याला निघालेल्या गाड्या राजूरला थांबतात, त्या पेढ्यांसाठी. पेढे घ्याच! पण वेळ असेल तर गावाबाहेरच्या डोंगराकडेही एक चक्कर मारा. उन्हाळ्याच्या तोंडावर इथली बरीच झाडं ओकीबोकी होतात. पान नाही, फूल नाही. आपल्याला सगळी सारखीच. इथल्या बायकांचं मात्र काही अडत नाही. चुलीत काय चालेल आणि काय नाही, हे त्या सालीवरूनच सांगतात.

मोळी उतरवून टेकलेल्या एका मावशींना मी विचारलं, 'पानं नसताना ओळखता कसं?' त्या हसल्या. 'पान झडलं म्हंजी झाडाचं नाव झडतं का, ताई?'

मग शिकवणीच सुरू झाली. काळपट, खोल चिरा पडलेली, चौकोनी ढलप्यांची साल म्हणजे सादडा. बाकी महाराष्ट्र त्याला ऐन म्हणतो. हात फिरवला तर थेट मगरीची पाठ! लाकूड जड, निखारा टिकणारा. त्याचाच भाऊबंद अर्जुन ओढ्याकाठी उभा असतो, पण त्याची साल गुळगुळीत, पांढुरकी. खोडावर काटे दिसले तर सावर किंवा पांगारा. लाकूड हलकं, भुरकन जळून जाणारं. भाकऱ्या व्हायच्या आत राख. बिब्ब्यापासून मात्र चार हात लांब. त्याचा रस लागला की अंगावर फोड येतात, धूरही बाधतो. म्हणजे अनोळखी लाकूड चुलीत घालणं हा नुसता अडाणीपणा नाही, धोकाही आहे.

आणि हिरडा? तो ओळखायचा तो न तोडण्यासाठी. बाळहिरडा वाळवून विकला की घरात पैसे येतात. दरवर्षी कमाई देणाऱ्या झाडावर कुऱ्हाड कोण चालवेल?

आता आपल्याविषयी. मे अखेरीस आपण इकडे काजवे बघायला येतो आणि तंबूसमोर 'कॅम्पफायर'ही हवाच असतो. गंमत अशी, की काजवे लखलखतात ते याच सादड्यावर, हिरड्यावर, बेहड्यावर, जांभळावर. शेकोटीत कुठलं झाड जळतंय, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? चुलीसाठी डोक्यावरून आणलेली मोळी ही गरज आहे. आपली शेकोटी ही हौस. शिवाय भंडारदऱ्याचा हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. इथलं लाकूड तोडणं किंवा उचलून नेणं हे पर्यटकाचं काम नव्हेच.

तेव्हा पुढच्या ट्रिपला शेकोटीला सुट्टी द्या. सकाळी एखाद्या खोडावर हात ठेवा आणि ओळखा पाहू!

कसं जाल? पुण्याहून आळेफाटा-संगमनेर-अकोले-राजूर. मुंबईहून कसारा घाट-घोटी-शेंडी-राजूर. सोबत टॉर्च ठेवा, काडेपेटी नको.