माईची म्हातारी, आत्याची वासिलिसा

आमच्या घरात हिमगौरी कधी चालली नाही. पुस्तक होतं, जाड पुठ्ठ्याचं, रंगीत, कुणीतरी मुंबईहून वाढदिवसाला आणलेलं. ग्रिमबंधूंच्या मूळ गोष्टीत असते तशी त्यातली सावत्र राणी वेष पालटून एकदा नाही, तीनदा यायची. माईने, म्हणजे आमच्या आजीने, देवापुढच्या वाती वळता वळता ती गोष्ट पुरती ऐकून घेतली आणि निकाल देऊन टाकला. “पहिल्यांदा नाडी घेतली, समजू शकते. मग फणी घेतली. आणि वर सफरचंदही खाल्लं? या पोरीला घरात एकटं ठेवू नये.” त्यानंतर ते पुस्तक कपाटात वरच्या फळीवर गेलं आणि तिथंच राहिलं.

आम्ही म्हणजे सांगलीच्या गावभागातल्या त्या घरात मे महिन्यात गोळा होणारी चुलत, आत्ये, मामे अशी सगळी भावंडं. बहुतेकांचा जन्म साठच्या दशकातला. वाचायला काही कमी नव्हतं. चांदोबा यायचा, त्यातल्या विक्रम-वेताळावर पहिला हक्क दादाचा. १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ सुरू केला, तोही शाळेतून यायचा. मुंबईच्या भावंडांचा तोरा वेगळाच, कारण त्यांनी सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरची नाटकं पाहिलेली असायची. ‘मधुमंजिरी’ने १९५९ साली सुरू झालेली ती बालरंगभूमी आम्हाला ऐकूनच माहीत. तरी गच्चीवर चादरी बांधून आम्हीही नाटक बसवायचो. राजकन्या व्हायला कुणी तयार नसे. चेटकीण व्हायला मात्र मारामारी. राजकन्येने करायचं काय, तर पेटीवर बसून राहायचं, आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या पेटीवर कोण बसणार?

खऱ्या गोष्टी मात्र पुस्तकातून आल्या नाहीत. त्या दोन बायकांच्या तोंडून आल्या.

पहिली माई. श्रावणात देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागायचा. वर नृसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, मध्ये मुलांच्या गराड्यातली जिवती, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. त्याच्यापुढे मुठीत अक्षता धरून बसायचं आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. पोथी समोर असायची, पण माई वाचायची नाही. तिला पाठ होत्या आणि पाठ असल्यामुळे ती त्यात वाटेल तिथे थांबायची. सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत ती नेहमी एकाच जागी थांबे. राजाने हुकूम काढलेला असतो की गावातलं सगळं दूध देवळात आणून ओता, गाभारा भरायचा आहे. सगळं गाव घाबरून दूध ओततं, वासरांना थेंब नाही, पोरांना थेंब नाही, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरच्यांना जेवू घालते, लेकरांना पाजते, वासरांना पाजते आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन देवळात जाते. गाभारा भरतो. पुढे राजा तिला पकडतो तेव्हा ती त्याला तोंडावर सांगते की तुझ्या हुकमाने पोरंबाळं, वासरं तळमळली, ते देवाला आवडलं नाही.

इथे माई थांबायची आणि आमच्याकडे बघायची. “राजाला सांगितलं, बरं का. राजाला.” एवढंच. पुढे सरकायची. ज्या घरात आजोबांच्या जेवणाच्या वेळेत पाच मिनिटं इकडेतिकडे झाली नाहीत, त्या घरात ही बाई राजाला असं सांगण्याची गोष्ट दर श्रावणात सांगत होती. आम्हाला त्यातलं नवल तेव्हा कळलं नाही.

शुक्रवारची कहाणी तर तिची हातखंडा. भावाच्या घरी सहस्रभोजन, गरीब बहीण आपल्या पोरांना घेऊन न बोलावता जाते, आणि भाऊ तिला पानावरून उठवतो. फाटकी लुगडी, चारचौघांत शोभा नको. पुढे जिवतीच्या व्रताने तिचे दिवस पालटतात. तोच भाऊ तिला सन्मानाने जेवायला बोलावतो. ती येते, पाटावर बसते, अंगावरचे दागिने उतरवून एकेक पाटावर मांडते आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून एकेका दागिन्यावर ठेवते. भाऊ विचारतो, हे काय? तर म्हणे, ज्यांना जेवायला बोलावलंस त्यांना वाढते आहे.

माई हे सांगताना हाताने करून दाखवायची. डावा हात गळ्याशी, सरी काढल्यासारखा. उजवा हात ताटाकडे. जिलबी सरीवर, भात ठुशीवर. तिच्या गळ्यात तेव्हा फक्त काळी पोत असायची, पण आम्हाला सरीही दिसायची आणि भावाचं खाली गेलेलं तोंडही. ती आवाज चढवायची नाही. कहाणीतली बहीणही चढवत नाही, भांडत नाही, उठून जात नाही. अपमान झाला होता त्याच घरी, तसल्याच पानावर बसून ती हिशेब चुकता करते. मी पुढे कितीतरी धीट नायिका वाचल्या, पण इतका थंडपणे घेतलेला सूड क्वचित वाचला.

माझी एक बहीण, आता पुण्यात प्राध्यापक आहे, या सगळ्यावर नाक मुरडते. तिचं म्हणणं, शेवटी श्रीमंती आली ती व्रताने, आणि भावाला क्षमा करून बाई पुन्हा गोडच झाली. बरोबर आहे तिचं. कहाणीला व्रत विकायचंच असतं. पण आमच्या लक्षात व्रताचा विधी कुणाच्याच राहिला नाही. जिलबी राहिली.

दुसरी आत्या. प्राथमिक शाळेत मास्तरीण, लग्न उशिरा झालेली, म्हणून आमच्या सगळ्या लहानपणी घरातच. तिला रशियन पुस्तकांचं वेड. त्या काळी गावात सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की एक-दोन रुपयांत मॉस्कोत छापलेलं गुळगुळीत कागदाचं पुस्तक मिळायचं. काही मराठीत, काही इंग्रजीत. आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत ती पुस्तकं होती. घरातल्यांना मार्क्स ठाऊक असो वा नसो, बाबायागा चेटकीण ठाऊक होती. आत्याकडे वासिलिसाची गोष्ट इंग्रजीत होती, आत्या ती मराठीत सांगायची, आणि सांगायची दुपारी, तांदूळ निवडताना.

याचं कारण गोष्टीतच होतं. अफनास्येवने १८५५ ते १८६३ या काळात छापलेल्या रशियन लोककथांपैकी ही एक. सावत्र आई विस्तव आणायच्या निमित्ताने वासिलिसाला रानात बाबायागाकडे पाठवते. बाबायागाची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी, कुंपण माणसांच्या हाडांचं. ती पोरीला कामं नेमून देते. घर झाड, स्वयंपाक कर, गव्हातला वाईट दाणा वेगळा कर, दुसऱ्या दिवशी खसखशीतली माती काढ. जमलं नाही तर खाऊन टाकीन. वासिलिसाच्या खिशात मरताना आईने दिलेली बाहुली असते, तिला घास भरवला की ती मदत करते. आत्या इथे प्रत्येकापुढे सुपातला ढीग सरकवायची. हात थांबला की गोष्ट थांबायची. खडा सुटला आणि तो रात्री कुणाच्या दाताखाली आला, तर दुसऱ्या दिवशी बाबायागा त्याच्या नावाने हाका मारायची. अशाने आमच्या घरात वर्षाचे तांदूळ निवडून व्हायचे आणि आईला नि काकूंना दुपारी घटकाभर आडवं होता यायचं.

आत्याने गोष्टीत काय काय बदललं ते मूळ पुस्तक मोठेपणी वाचल्यावर कळलं. गव्हाची ज्वारी झाली होती, ते ठीक. पण मूळ गोष्टीत बाहुली जवळजवळ सगळं काम स्वतःच उरकते, वासिलिसाला झोप म्हणते. आत्याची बाहुली तशी नव्हती. ती नुसती शेजारी बसायची आणि म्हणायची, “तू कर, मी मोजते.” शेवटही तिने हलवला. मूळ कथेत बाबायागाने विस्तव म्हणून दिलेल्या कवटीतल्या डोळ्यांच्या जाळाने सावत्र आई आणि तिच्या मुली भस्म होतात, मग वासिलिसा शहरात एका म्हातारीकडे राहते, असं तलम कापड विणते की ते राजापर्यंत जातं, त्याचे सदरे शिवायलाही तीच लागते, आणि राजा तिच्याशी लग्न करतो. आत्या कापडावर बराच वेळ घालवायची. सूत किती बारीक, सुईच्या नेढ्यातून आख्खं कापड जाईल असं, माग कसा लावला, शहरात बोलबाला कसा झाला. लग्न एका वाक्यात. आम्ही मुली विचारायचो, “आणि राजा कसा होता गं, आत्या?” ती म्हणायची, “होता बरा. सदरे नीट बसले त्याला.”

आत्याच्या दुसऱ्या गोष्टीतली मार्या मोरेवना ही मुलांची आवडती. सैन्याच्या सैन्य कापून काढणारी राणी. लग्नानंतर ती लढाईवर निघते आणि घर नवऱ्याच्या, इवानच्या ताब्यात देते. एवढी एक खोली उघडू नकोस म्हणते. तो उघडतो, आत बारा साखळ्यांनी जखडलेला कोश्चेय, हा त्याला दया येऊन पाणी पाजतो, तो साखळ्या तोडतो आणि राणीलाच पळवून नेतो. दादा चिडायचा, “एक दार बंद ठेवता येत नाही?” यावर स्वयंपाकघरातून काकू म्हणायची, “दुधावर लक्ष ठेव म्हटलं तर ठेवता येतं का तुला?” पुढच्या अर्ध्या गोष्टीत मात्र राणी पळवली जात राहते आणि सोडवण्याचं काम इवानकडे जातं. ही गोष्ट उत्तरार्धात फसलेली आहे असं माझं मत आहे. आत्याचंही असावं, कारण तिची गोष्ट बहुधा साखळ्या तुटेपर्यंतच यायची आणि मग चहाची वेळ व्हायची.

आता आमच्या भाच्या-पुतण्यांच्या, खरं तर त्यांच्याही मुलांच्या हातात नवी पुस्तकं आहेत. रॉबर्ट मन्शची कागदी पिशवी घातलेली राजकन्या १९८०मधली. ड्रॅगनला बोलण्यात गुंगवून दमवते आणि सोडवलेल्या राजपुत्राने कपड्यांवरून नाक मुरडताच त्याला तिथंच सोडून देते. माईला ती आवडली असती. अमेरिकेतल्या भाचीने मला गेल कार्सन लेवाइनची ‘एला एन्चांटेड’ वाचायला लावली, १९९७ची. सिंड्रेलाच ती, पण हिला जन्मतःच एका परीने आज्ञाधारकपणाचं वरदान दिलेलं. कुणीही काहीही फर्मावलं की तिला ते करावंच लागतं. शेवटी राजपुत्र ‘माझ्याशी लग्न कर’ म्हणतो तेव्हा त्याच्या भल्यासाठी ती जिवाच्या आकांताने नाही म्हणते, आणि शाप तुटतो तो तिच्याच नकाराने. हे वाचताना मला आमची प्रगतिपुस्तकं आठवली. ‘मुलगी आज्ञाधारक आहे’ हा शेरा घरी आला की पेढे.

सगळीच नवी पुनर्कथनं अशी नाहीत. पुष्कळांत राजकन्येच्या हातात तलवार दिली की काम झालं असं समजतात. मग ती निवडत नाही, विणत नाही, घासत नाही, चिडवून बोलतही नाही. तिला जमिनीवरचं कामच नसतं, त्यामुळे तिचा हट्ट कशावर घासून बघायचा हे कळत नाही. वासिलिसापुढे खसखशीचा ढीग होता, म्हातारीपुढे भुकेली वासरं होती.

सांगणाऱ्या बायकांवरून एक जुनं पुस्तक आठवतं. मेरी फ्रियर ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिणेत दौऱ्यावर असताना तिने आपल्या आयेकडून गोष्टी ऐकल्या आणि १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक काढलं. त्या आयेचं नाव ॲना लिबराटा डिसूझा. तिच्या आजोबांचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेलं, आणि गोष्टी तिला तिच्या आजीकडून आलेल्या. साहेबाच्या मुलीने पुस्तकाच्या सुरुवातीला ॲनाची स्वतःची हकिगत तिच्याच शब्दांत घातली, म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे. एरवी सांगणाऱ्या बायकांची नावं कोण लिहून ठेवतं?

माई गेली, आत्याही गेली. आम्ही भावंडांनी या दिवाळीत बसून आत्याची वासिलिसा लिहून काढली, प्रत्येकाची थोडी वेगळी निघाली, ती सगळी ठेवली. ज्यांच्या घरात सांगणारी अजून बसलेली आहे, त्यांनी हे आत्ताच करावं. फोनवर ध्वनिमुद्रण चालतं. फक्त पोथीशी ताडून तिची गोष्ट ‘दुरुस्त’ करू नका, आणि वर तिचं नाव लिहा.