काठीची लांबी

बऱ्हाणपूरच्या माणसाने समुद्रकाठच्या मासेमारीविषयी लिहावे, हे काहीसे विपरीत वाटेल. आमच्या गावाला समुद्र ठाऊक आहे तो तापीच्या द्वारे. मुलताईला उगम पावलेली ही नदी आमच्या राजघाटाच्या पायऱ्यांना स्पर्शून जाते आणि सुरतेपलीकडे सागराला मिळते, एवढे आमच्या शाळेतला कोणताही विद्यार्थी सांगेल. तथापि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर उभे राहून गळाची काठी किती लांब असावी, या प्रश्नात आमचे कुटुंब चार दिवस गुंतले होते. आणि तो प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नव्हता.

आमचे वडील ताप्ती मिलमध्ये नोकरीस होते. रविवारी सकाळी ते राजघाटावर गळ टाकून बसत. त्यांची काठी बांबूची. हात उंच केला असता बोटे जेथे पोहोचतील त्याहून हातभर अधिक, एवढेच तिचे माप. घाटाच्या पायऱ्यांखाली पाणी लागलीच खोल होते आणि हिवाळ्यात प्रवाह संथ असतो. तेथे दोर दूर फेकण्याचे प्रयोजनच नसते. (आमच्या गावच्या हिंदीत या गळाला बंसी म्हणतात. मुरलीला आणि गळाला एकच नाव असावे, याचे मला बालपणापासून कौतुक वाटत आले आहे.) मराठीच्या अभ्यासकाला सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ परिचित असतो तो त्यातील जुन्या मराठी ओळींमुळे, परंतु शके १०५१ च्या त्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणही आहे, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांची आमिषे व गळ टाकण्याची रीत राजाच्या करमणुकीचा विषय म्हणून सांगितली आहे. वडिलांना ग्रंथ ठाऊक नव्हता. विनोद मात्र पुरता ठाऊक होता.

तो वारसा आमच्या थोरल्या बंधूंकडे गेला. निवृत्तीनंतर दादा मुलाकडे रत्नागिरीस राहावयास गेले आणि घाटावरचा माणूस लाटांसमोर उभा राहू लागला. तिकडे गळाला गरी म्हणतात आणि या उद्योगाला गरवणे. दादांनी शब्दही उचलले आणि काठीही. तीही तेरा फुटांची. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. काठी माळ्यावर गेली आणि दादा ओसरीवर बसले. “भाऊजी, दिवसचे दिवस बोलत नाहीत हो,” असे वहिनींनी दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा मी मुंबईस गाडी बदलून कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठली.

पुतण्याने तोडगा काढला होता: नऊ फुटांची हलकी काठी. दादांनी तिला हात लावला नाही. “ही पोरांनी तळ्यावर धरावी,” एवढेच ते म्हणाले.

दादांचे म्हणणे निराधार नव्हते, हे मान्य केले पाहिजे. काठी लांब असली की तिचे टोक मोठ्या वर्तुळात फिरते आणि शिसे दूर जाते. शिवाय टोक उंच राहिल्याने फुटणाऱ्या लाटा दोराखालून निघून जातात. नाहीतर प्रत्येक लाट दोर ओढून गरी काठाकडे आणून टाकते. म्हणून तर उघड्या समुद्रावर दहा ते तेरा फुटांच्या काठ्या वापरतात. पण या गुणांची किंमत शरीर मोजते. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी मला हिशेब करून दिला होता. जाडी तीच ठेवून लांबी दीडपट केली, तर काठी फिरविणे तिपटीहून अधिक जड जाते. मासा लागल्यावर तर तरफच उलटी होते. बुंधा पोटाशी टेकलेला, वरचा हात त्यापासून दोन फुटांवर, आणि बारा फुटांवरच्या टोकाला एक किलोची ओढ, असे धरले तर हाताला सहा किलो पेलावे लागतात. नऊ फुटांच्या काठीला साडेचार. काठी वाकते तेव्हा हे आकडे थोडे उतरतात, पण खांद्याला ते उतरणे जाणवेलच असे नाही.

मी दादांना हिशेब दाखविला नाही. थोरल्या भावाला फळ्यासमोर बसविणे मला प्रशस्त वाटेना. मी एवढेच विचारले, “दादा, दोर लाटांच्या वर ठेवायला काठीच लांब हवी, की टोक उंच हवे?”

ते बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग पुतण्यास म्हणाले, “प्लॅस्टिकची नळी आण रे, कमरेएवढी.”

ती नळी वाळूत रोवून तिच्यात दहा फुटांची काठी उभी केली, तेव्हा हातात धरलेल्या तेरा फुटीच्या मानाने टोक फारसे खाली आले नाही, आणि खांद्यावर भार उरला नाही. राहिला फेकीचा प्रश्न. भाट्याची वाळू सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की कितीही लांब काठी अपुरी वाटावी. पण भरती चढू लागली की मुडदुशीसारखे वाळूतले किडे टिपणारे मासे काठाजवळच्या खळग्यांत येतात. तेव्हा फेक थोडी कमी पडली तरी चालते, वेळ चुकून चालत नाही. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोर करते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, लाट सौम्य, खांद्याच्या सोयीची. तीन फूट लांबी कमी केली ती दादांनी अशी पंचांगातून भरून काढली. नऊ फुटी काठी मात्र त्यांनी शेवटपर्यंत धरली नाही. दहा फुटी आणली तेव्हाच ते उठले. ते एक फूट कशाचे होते, हे घरात सर्वांना कळले आणि कोणी बोलले नाही.

मी परत आल्यावर महिन्याभराने वहिनींचा दूरध्वनी आला. चार मुडदुश्या मिळाल्या होत्या, आणि घरातले पंचांग आता खुंटीवर सापडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ते आमिषाच्या पिशवीत असते.