उचंत खात्यावरील वेल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरात तीन वर्षांपूर्वी दोन भावांच्या वाटण्या झाल्या. दुकान थोरल्याकडे, गोदाम धाकट्याकडे. घराचा खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा. आई, म्हणजे आक्का, वर राहिल्या. जिना एकच होता, पण बोलणे कामापुरते उरले होते.

ज्येष्ठ सरता सरता धाकट्या सुनेने स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या बाटलीत, मनी प्लांटची वीतभर फांदी ठेवली. पेर पाण्यात, पाने वर. पंधरा-वीस दिवसांत पेराशी पांढरी मुळे सुटली. आक्कांना कौतुक वाटले. कुठून आणली, हे त्यांनी सहज विचारले.

“खालच्या गॅलरीतून. ताईंना ठाऊक नाही. मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही आक्का, चोरूनच आणावा लागतो.”

आक्कांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. ज्या घरात उधारीची पै न् पै वहीत चढते, त्याच घरात चोरीच्या वेलीने लक्ष्मी येते ही समजूत कशी खपते, हे एक कोडेच आहे. आक्कांनी तरुणपणीच अणुव्रते घेतली होती. न दिलेले उचलणे हे अदत्तादान. मग ते सोने असो वा वीतभर फांदी. वेल फेकावी तर वाढत्या जिवाचा निष्कारण घात, ठेवावी तर चोरी घरात नांदवल्याचा दोष. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती उचंत खात्यावर टाकतात आणि वर्षअखेरीपूर्वी ते खाते मिटवतात. आक्कांनी वेलीचे तेच केले. सुनेला काही न बोलता तिची देखभाल त्यांनी स्वतःकडे घेतली.

बाटलीतले पाणी त्या दर दुसऱ्या दिवशी बदलत आणि तोंडाला देठाभोवती गाळण्याच्या फडक्याचा तुकडा बांधत. साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. एकदा अळ्या वळवळू लागल्या की पाणी ओतणे म्हणजे त्रस जीवांची हत्या. ती वेळच येऊ नये, एवढाच त्यांचा हिशेब.

आषाढात वेल कुंडीत गेली. खिडकीतला उजेड मिळावा पण दुपारचे कडक ऊन लागू नये, अशी जागा आक्कांनी हेरली. उजेड कमी पडला तर पानांवरचे पिवळे पट्टे विरून पाने नुसती हिरवी होतात. पान चावले तर तोंडाची आग होते, म्हणून कुंडी नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवली.

तरीही श्रावणात पाने पिवळी पडू लागली. सून मायेने रोज पाणी घालत होती आणि कुंडीखालच्या ताटलीत ते साचून राहत होते. पावसाळी हवेत माती लवकर सुकत नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती कुजतात. आक्कांनी ताटली रिकामी केली. बोट मातीत पेरभर खुपसून, कोरडे लागले तरच पाणी, असे ठरले. परंतु कुजलेला भाग कापणे भाग होते. कात्री हाती घेऊन आक्का बराच वेळ थांबल्या. तोडले तरी पुन्हा उगवते ते छिन्नरुह, आणि शास्त्रात ते साधारण वनस्पतीचे एक लक्षण सांगितले आहे. एका देहात अनंत जीव. शेवटी त्यांनी णमोकार म्हणून सडलेला भाग तेवढा कापला. निरोगी पेर पुन्हा पाण्यात ठेवले.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातील मोओरिया बेटाची. तिला फुले क्वचितच येतात. फुलण्यास लागणारे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे 2016 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. घरांतून ती बियांनी पसरत नाही. प्रत्येक घरची वेल ही दुसऱ्या कोणाच्या तरी वेलीची फांदी असते, दिलेली किंवा उचललेली.

क्षमावाणीच्या दिवशी आक्का धाकट्या सुनेला घेऊन जिना उतरल्या. हातात ती बाटली होती. सुनेने मान खाली घालून सारे सांगितले. थोरल्या जाऊबाई आधी गप्प राहिल्या, मग हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला.

“आक्का, मी तरी कुठे विकत आणलीय? यार्डातल्या बँकेच्या खिडकीतून तोडून आणली होती. शिपायाचं लक्ष नव्हतं तेव्हा.”

त्या दिवशी तीन वर्षांनी दोघी जावांनी एकत्र चहा घेतला. थोरले दुकानातून आले, धाकट्याची चौकशी केली. गोदामाच्या भाड्याचा विषय मात्र कोणी काढला नाही.

सोमवारी दोन्ही सुनांना घेऊन आक्का बँकेत गेल्या. शिपायाने सारे ऐकून घेतले, खिडकीतली कात्री उचलली आणि विचारले, “अजून किती फांद्या देऊ, आजी?”