संथ नावेने लुआंग प्रबांगला

सकाळी पाकबेंगच्या काठावर इतकं धुकं होतं, की नाव दिसतच नव्हती, नुसता इंजिनाचा आवाज येत होता. खाली घसरडा उतार आणि नावेत शिरायला एक लवलवणारी फळी. पाठीवर बारा-बारा किलोच्या पिशव्या घेऊन आम्ही दोघं त्या फळीवरून निघालो. मी रामनाम घेत, आणि आमचे हे "बसने गेलो असतो तर कालच पोचलो असतो," असं पुटपुटत.

मित्रांनो, नकाशा काढा पाहू! म्यानमारच्या पलीकडे लाओस दिसतोय? या देशाला समुद्र नाही, पण मेकाँग नदी आहे. तिबेटच्या पठारावरून निघून सहा देशांतून वाहणारी, चार हजार किलोमीटरहून लांब. थायलंडच्या सीमेवरच्या हुए साय गावाहून लुआंग प्रबांग या जुन्या राजनगरीला या नदीतून नाव जाते. प्रवास दोन दिवसांचा. पहिली रात्र पाकबेंगला काढायची. जानेवारी 2024 मधला आमचा हा दुसरा दिवस.

नाव लाकडी, आपल्या एसटीच्या तिप्पट लांब आणि रुंदीला बेताची. बसायला चक्क जुन्या मोटारींच्या सीटा! नावाडी पुढे चाकापाशी आणि इंजिन पार मागे. आम्हांला जागा मिळाली ती इंजिनाजवळ, त्यामुळे ह्यांची कुरकुर मला ऐकू येईना. चांगलंच झालं म्हणा.

नावाड्याचं बिऱ्हाडही तिथेच मागे होतं. चूल, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि आठ-नऊ वर्षांची एक चुणचुणीत पोर. तिला मी पाटीवरचं 'पाकबेंग' दाखवून खुणेनंच विचारलं, म्हणजे काय गं? तिनं आ वासला आणि तोंडाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, भूक लागली असेल. मी चिक्की पुढे केली, तर ती पोट धरून हसायला लागली! शेजारच्या एका कॉलेजातल्या मुलाने उलगडा केला. लाओ भाषेत 'पाक' म्हणजे तोंड. बेंग नदी जिथे मेकाँगला मिळते ते तिचं मुख, म्हणून पाकबेंग. आणि नदीला ते म्हणतात 'मे नाम', म्हणजे पाण्याची आई. आपण तरी नदीला वेगळं काय म्हणतो?

धुकं विरलं तशी नदी दिसू लागली. काळे खडक पाण्यातून डोकं वर काढून बसलेले आणि त्यांच्या मधून भोवरे. नावाडी चाक जरासं वळवी आणि ती लांबलचक नाव सुळकन निघून जाई. मध्येच एखाद्या गावापाशी तो नावेचं नाक सरळ वाळूत खुपसायचा. धक्काबिक्का काही नाही. तांदळाचं पोतं उतरायचं, एखादी आजी कोंबडी घेऊन चढायची. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या त्या उतारांवर आता भुईमूग आणि भाज्यांचे वाफे होते. नदी गाळ ठेवून मागे हटते, लोक लगेच पेरून घेतात.

दुपारी एका वळणावर डोंगर कापलेला दिसला. क्रेन, सिमेंट, भलेमोठे ट्रक. लुआंग प्रबांगच्या वर सुमारे 25 किलोमीटरवर मेकाँगवर धरण बांधलं जात होतं. वीज मुख्यतः थायलंडला विकायची. नावा जाव्यात म्हणून पाण्याची कुलपंही बांधायची, म्हणजे दारं लावून पाणी चढवत-उतरवत नाव पार करायची. पण धरणाच्या वर नदीचं संथ तळं होणार. मग ते खडक आणि ते भुईमुगाचे वाफे कुठले? कॉलेजातला मुलगा म्हणाला, काही गावांना उठावंच लागलंय. मला काही बोलता येईना. कोयनेच्या धरणानेही गावं उठवली, आणि त्या विजेच्या दिव्याखाली आपण अभ्यास केला. हेही गप्प झाले होते. ती पोर मात्र रोजचंच असल्यासारखी कपडे काढून घड्या घालत होती.

पुढे लगेच पाक ऊ. (आता अर्थ तुम्हीच सांगा!) समोरच्या कड्यातल्या गुहांत भाविकांनी ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती आहेत. नाव थांबली नाही, अंधारातल्या पायऱ्या तेवढ्या दिसल्या.

पाचच्या सुमारास सगळे उतरले. पण शहर कुठाय? ते अजून दहा किलोमीटर! ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही. निरोपाला त्या मुलीनं पुन्हा आ वासून तोंडाकडे बोट दाखवलं. उरलेली चिक्की मी तिला दिली आणि या वेळी तिनं ती खरंच तोंडात टाकली.

टुकटुकमधून शहरात शिरलो तेव्हा फूसी टेकडीवरचा सोनेरी स्तूप मावळतीला चमकत होता. 1975 पर्यंत लाओसला राजा होता, त्याचा वाडा या टेकडीच्या पायथ्याशी आहे. वाड्याच्या आवारातल्या नाट्यगृहाबाहेर रामायणाची जाहिरात होती. लाओ रामायणाचं नाव 'फ्रा लाक फ्रा लाम'. म्हणजे लक्ष्मण आधी आणि राम नंतर! धाकटी भावंडं खूश ना?

रात्री बांबूच्या टोपलीतून वाफाळता चिकट भात आला. तो हाताने गोळे करूनच खायचा, तेव्हा चमच्याची भानगड नाही. सोबत हिरवे, तीळ लावलेले कुरकुरीत पापड. हे बिल बघून दचकले, एक लाख वीस हजार! पण घाबरू नका, रुपयाला साधारण 250 किप मिळत होते. करा हिशेब. मग ह्यांनी वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "पापड कशाचे?" बाईंनी खिडकीबाहेर नदीकडे बोट दाखवलं. शेवाळ! नदीतलं शेवाळ धुऊन, लसूण-टोमॅटो लावून उन्हात वाळवलेलं.

ह्यांनी हातातल्या पापडाकडे एकदा पाहिलं, एकदा काळोखातल्या नदीकडे, आणि आणखी एक थाळी मागवली.